फर्नेस सुरू, पण हवा गार

राजारामपुरी, कोल्हापूर | सकाळी १०

नमस्कार मंडळी,

मी सध्या माहेरी आहे. अमेरिकेत मिनियापोलिसच्या घरी हे आणि सासूबाई दोघंच. तिकडे आत्ता रात्रीचे साडेदहा, बाहेर उणे २०, आणि संध्याकाळपासून फर्नेसमधून, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या यंत्रातून, गार हवा येतेय. पंखा फिरतोय. थर्मोस्टॅट (भिंतीवरचं तापमानाचं बटण) 'हीट'वर, पंखा 'ऑटो'वर आहे, हे मी व्हिडिओ कॉलवर स्वतः पाहिलं. घरात पारा १३ वर आलाय. सासूबाईंना दमा आहे, म्हणून जीव टांगणीला लागलाय. सर्व्हिसवाले उद्या दुपारी येणार म्हणतात. तोवर काय करता येईल?

शाहूपुरी, कोल्हापूर | सकाळी १०.२०

ताई, मी आता इकडे परतलोय, पण मिनेसोटात फर्नेस दुरुस्तीचंच काम करत होतो. सांगतो तसं विचारा.

सगळ्यात आधी: गॅसचा वास येतोय का? कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजलाय का? दोन्हींपैकी काहीही असेल तर एकही बटण न दाबता दोघांनी घराबाहेर पडायचं आणि फोन बाहेरून करायचा. थंडी कितीही असो.

तसं काही नसेल तर फर्नेसच्या दारावरच्या छोट्या काचेतून बघायला सांगा, ज्योत पेटते का आणि पेटून टिकते का. निदान त्यावरच ठरतं. पेटतच नसेल तर गॅसचा कॉक बघा, आणि भिंतीबाहेर पांढरे पीव्हीसी पाइप असतील तर त्यांची तोंडं बर्फानं बुजलीत का तेही बघा. हवेची वाट बंद झाली की प्रेशर स्विच बर्नर पेटूच देत नाही. चांगली पेटून काही मिनिटांनी विझत असेल तर फिल्टर काढून बघा. तो धुळीनं गच्च झाला की आतला भाग जास्त तापतो, लिमिट स्विच गॅस तोडतो आणि पंखा तेवढा फिरत राहतो. तुम्ही सांगताय तशी गार हवा बऱ्याचदा यामुळेच येते.

त्याच काचेतून एक दिवा लुकलुकताना दिसेल. किती वेळा लुकलुकतो ते मोजा. त्याचा अर्थ दाराच्या आतल्या बाजूच्या तक्त्यात छापलेला असतो.

राजारामपुरी | सकाळी १०.४५

काका, वास नाही, अलार्मही नाही. फिल्टर स्वच्छ आहे. निळी ज्योत पेटते, चार-पाच सेकंदांत विझते, मग परत पेटते. असं काही वेळा होऊन सगळं थांबतं. तक्त्यात 'ज्योत ओळखली नाही' अशा अर्थाचं लिहिलंय.

शाहूपुरी | सकाळी १०.५५

मग दोष फ्लेम सेन्सरचाच, म्हणजे ज्योत ओळखणाऱ्या भागाचा. बर्नरपाशी ज्योतीत बुडालेली एक बारीक धातूची कांडी असते, बुडाशी पांढरं चिनीमातीचं, एकच वायर. ज्योतीतून तिच्यात अगदी सूक्ष्म, मायक्रोअँपियरमध्ये मोजतात एवढाच प्रवाह वाहतो. कांडीवर पुट चढलं की तो फर्नेस चालवणाऱ्या सर्किट बोर्डापर्यंत पोचत नाही. बोर्डाला वाटतं ज्योत नाहीच, आणि न जळलेला गॅस साठू नये म्हणून तो व्हॉल्व्ह बंद करतो. यंत्र आपलं काम चोख करतंय.

फर्नेसच्या बाजूचा स्विच बंद करायचा, शिवाय ब्रेकरही पाडायचा. दार काढून सेन्सरचा एकच स्क्रू सोडवायचा. कांडी बारीक स्टील वूलनं हलक्या हातानं घासायची, कोरड्या कापडानं पुसायची. खरखरीत सँडपेपर नको. शेजारचा इग्नायटर, म्हणजे ज्योत पेटवणारा भाग, ठिसूळ असतो, त्याला हातही लावायचा नाही. दार नीट बसवा, ते सैल राहिलं तर दाराच्या स्विचमुळे फर्नेस सुरूच होणार नाही.

हात धजत नसेल तर राहू द्या. सासूबाईंना एका खोलीत ठेवा, दार लावून इलेक्ट्रिक हीटर लावा, अंथरुणापासून तीन फूट दूर. स्वयंपाकाचा गॅस किंवा ओव्हन ऊब यावी म्हणून पेटवायचा नाही, हे त्यांना ठणकावून सांगा. सिंकखालची कपाटं उघडी ठेवा आणि नळ बारीक धारेनं चालू ठेवा, नाहीतर पाइप गोठून फुटतील.

राजारामपुरी | दुपारी १२

काका, यांनी कांडी घासली. ज्योत टिकलीय, हवा गरम येतेय, घर १६ वर आलंय. सासूबाई झोपल्या. तुमचे उपकार कसे फेडू?

शाहूपुरी | दुपारी १२.१०

फार बरं वाटलं. पण उद्याची अपॉइंटमेंट रद्द करू नका. त्या माणसाला सेन्सरचा मायक्रोअँपियर मोजायला आणि अर्थिंग तपासायला सांगा. प्रवाह कमीच भरला तर कांडी बदलून घ्या, महाग नसते.