मदत हवी आहे : वेताळाची नव्वदी गावच्या वाचनालयात साजरी करायची आहे

नमस्कार. वेंगुर्ले तालुक्यातील एका गावात आमचे लहानसे वाचनालय आहे आणि त्याचा बालविभाग मी सांभाळते. या वर्षी, म्हणजे २०२६ साली, इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी घरांत पोचलेल्या वेताळाला ९० वर्षे झाली, त्याच कॉमिक्समधल्या, आबिद सुरती यांच्या बहादूर या नायकाला ५० होत आहेत आणि चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांच्या चित्रमालिकेतल्या छोट्या चिंटूला २१ नोव्हेंबर रोजी ३५ पूर्ण होतील. वेताळाची खरी तारीख १७ फेब्रुवारी. ली फॉक यांची ती चित्रमालिका (मूळ इंग्रजीत ‘द फँटम’) १९३६ साली त्या दिवशी अमेरिकेतील वृत्तपत्रांत सुरू झाली. ती तारीख हातून निसटली याची मला रुखरुख आहे, कारण तेव्हा बाबांची जुन्या इंद्रजाल अंकांची ट्रंक माळ्यावरून खाली आलीच नव्हती. आता तिघांचा मिळून एकच कार्यक्रम २१ नोव्हेंबरला, शनिवारी सकाळी करावा असे ठरवले आहे. (त्या सुमारास घरोघरी तुळशीची लग्ने लागतात, त्यामुळे संध्याकाळ सोयीची नाही.)

मला केक आणि फुगे नकोत. मुलांनी मांडी घालून बसावे आणि ज्या पानांवर आमच्या वडिलांची पिढी वाढली ती पाने स्वतः वाचावीत, एवढीच इच्छा आहे. परंतु त्यात तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण नावाची आहे. आमच्या भागात वेताळ म्हटले की मुखवटा घातलेला, कवटीची अंगठी ल्यालेला वीर कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. आरवलीचा श्री देव वेतोबा येतो, त्याला वाहिलेल्या भल्यामोठ्या चामडी चपला येतात, केळ्यांचे घड येतात. देव रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो आणि त्या चपला झिजतात, अशी इथली श्रद्धा आहे. मी फलकावर ‘वेताळाचा नव्वदावा वाढदिवस’ असे लिहिले, तेव्हा वाडीतले एक आजोबा बराच वेळ त्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “गो चेडवा, देवाचो वाढदिवस खंय करतत?” ते रागावले नव्हते, पण त्यांना ते रुचले नाही हे स्पष्ट होते, आणि त्यांचे मन दुखवून मला काहीही करायचे नाही. दुसरीकडे, ज्याने कोणी मराठीत हे नाव योजले त्याने फार नेमके काम केले असे मला वाटते. कॉमिक्समधला वेताळही राखणदारच आहे. १५३६ पासून बापाकडून मुलाकडे मुखवटा जात एकविसावा वेताळ जंगलात उभा आहे, आणि लोक मात्र तो कधी मरतच नाही असे समजतात. हे साम्य मुलांना सांगायचेच आहे. प्रश्न फक्त फलकावर काय लिहावे हा आहे.

दुसरी अडचण कागदाची. ट्रंकेत एकवीस अंक निघाले. इंद्रजाल १९६४ साली सुरू होऊन १९९० साली बंद पडले, म्हणजे यातला सर्वांत नवा अंकही पस्तिशी ओलांडलेला आहे. आमच्याकडची पावसाळी हवा तुम्हाला ठाऊकच आहे. एका अंकाच्या मुखपृष्ठाचा कोपरा कसरीने खाल्ला आहे. मधल्या पिना गंजून त्यांच्याभोवती कागदावर तपकिरी वर्तुळे उमटली आहेत, आणि पान उलटताना नेमके तिथेच ते फाटते. पहिल्या पानावर बाबांनी पेन्सिलीने ‘इयत्ता सातवी’ असे लिहिले आहे. ही पाने वीस मुलांच्या हातांत कशी द्यावीत? गावातल्या छपाईवाल्याने लॅमिनेशन सुचवले आहे.

तिसरी अडचण अशी, की एखादे पान मोठे करून फ्लेक्सवर छापले तर हक्कांचा प्रश्न येतो का?

प्रतिसाद (रत्नागिरीहून) :

ताई, लॅमिनेशन कृपया करू नका. ते पुन्हा काढता येत नाही आणि उष्णतेने कागदाची उरलीसुरली ताकदही जाते. हा वर्तमानपत्री जातीचा कागद आहे. त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे तो उन्हाने आणि हवेने पिवळा पडतो. चिकटपट्टीही लावू नका, तिचा डिंक काही वर्षांनी कागदात उतरतो. गंजलेल्या पिना ओढू नका. मागची टोके पातळ पात्याने हळूच सरळ करून त्या बाहेर काढा आणि त्या जागी सुती दोरा ओवा. मुलांसाठी प्रत्येक पानाचे वरून, मोबाइलने, पान न दाबता छायाचित्र घ्या आणि वाचन पडद्यावर करा. मूळ अंक काचेच्या पेटीत, उन्हापासून दूर, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. ‘इयत्ता सातवी’ असलेले पान मात्र उघडे राहू द्या. ते मुलांनी पाहायला हवे.

प्रतिसाद (मालवणहून) :

हक्कांविषयी सांगतो. ली फॉक १९९९ साली वारले आणि आपल्या कायद्यात हक्क साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात. स्वतःच्या मालकीचा अंक मांडून ठेवणे वेगळे आणि चित्र मोठे करून छापणे वेगळे. मोठे करून छापायला परवानगी लागते. पडद्यावरचे वाचनही लहान गटापुरते, विनामूल्य ठेवा आणि ती छायाचित्रे पुढे पाठवू नका. फलकासाठी मुलांकडूनच चित्रे काढून घ्यावीत, असे मला वाटते. बहादूरचा केशरी कुर्ता आणि जीन्स त्यांना नक्की आवडेल. नावाबाबत त्या आजोबांनाच विचारावे. ते कार्यक्रमाला आले आणि आधी वेतोबाची गोष्ट त्यांनी मुलांना सांगितली, तर त्यांच्याच शब्दांत नाव सापडेल.

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी आजोबांकडे गेले होते. आधी देवाची गोष्ट, मग पुस्तकातली, हा क्रम त्यांना मान्य आहे. ‘वाढदिवस’ हा शब्द काढून फलकावर ‘राखणदारांच्या गोष्टी’ असे लिहावे आणि खाली तिघांची नावे व वर्षे द्यावीत, असे त्यांनीच सुचवले. चिंटू कसला राखणदार, असे मी म्हटले, तर तो लहान आहे, त्याची राखण बाकीचे दोघे करतील, असे उत्तर मिळाले. पिनांचे काम मी या आठवड्यात सुरू करते आहे. पाते किती पातळ असावे, आणि पुढच्या पावसाळ्यात पेटीतले सिलिका जेल किती दिवसांनी बदलावे, एवढे रत्नागिरीकरांनी कृपया सांगावे.