क्लेम केला नाही म्हणजे तो माणूसच नाही का?

ओहायोची_वैदेही

डॅलसकर यांच्या कालच्या पोस्टला तिथे चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून वेगळा धागा काढतेय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ओबामाकेअरमध्ये (अमेरिकेत सरकारी सबसिडीवर मिळणारा आरोग्य विमा) २०२५ ला २ कोटी ४० लाख लोक दाखवले, पण जवळपास १ कोटी २० लाख लोकांनी वर्षभरात एकही क्लेम केलेला नाही, म्हणजे निम्मे लोक कागदावरचे, आणि हप्त्यावरची वाढीव सबसिडी डिसेंबर २०२५ ला संपली ते उत्तम झालं.

अहो, मुळात १ कोटी २० लाख हा आकडा २०२४ चा आहे आणि ज्या पॅरागॉन या थिंक टँकवाल्यांनी तो मांडला ते स्वतःच त्याला ३५ टक्के म्हणतात, निम्मे नाही. आता हिशेब करून बघा. १ कोटी २० लाख म्हणजे ३५ टक्के असतील तर एकूण होतात ३ कोटी ४० लाखांच्या आसपास, आणि २०२४ ची नोंदणी तर २ कोटी १४ लाख होती. म्हणजे दोन महिने प्लॅनमध्ये राहून गेलेला, वर्षाच्या मध्ये प्लॅन बदललेला, असे सगळे त्यात वेगवेगळे धरलेले दिसतात. मार्चमध्ये आला आणि मेमध्ये नोकरी लागून गेला, त्याने कसला क्लेम करायचा?

आमचंच सांगते. नवऱ्याचा लेऑफ झाला तेव्हा ब्राँझ प्लॅन घेतला होता. डिडक्टिबल (विमा कंपनी द्यायला लागायच्या आधी आपण भरायची रक्कम) एवढं की मुलाचा कान दुखला तरी आधी घरात असलेलं औषध शोधायचो. नवी नोकरी लागली, प्लॅन बंद केला, क्लेम एकही नाही. पण त्या काळात मला रात्री झोप लागत होती ती त्या कार्डामुळेच. इन्शुरन्स कशासाठी असतो मग?

डॅलसकर

ताई, "निम्मे" शब्दावर तुम्ही पकडलंत, ठीक आहे. पण त्याच लोकांच्या आकड्यानुसार २०२१ ला शून्य क्लेमवाले ३५ लाख होते. तीन वर्षांत तिपटीच्या वर कसे गेले? लेऑफ आणि नोकरी बदलणं २०२१ ला नव्हतं का?

कारण साधं आहे आणि त्याला तुम्ही हातच लावला नाहीत. २०१४ ला भांडण व्हायचं ते पहिला हप्ता किती जणांनी भरला यावर. तेव्हा निदान तो चेक होता, पैसे भरले नाहीत की नाव कटायचं. २०२१ ला वाढीव सबसिडी आली, कमी उत्पन्नवाल्यांना हप्ता शून्य झाला. शून्य हप्ता थकणार कसा? नाव एकदा घुसलं की वर्षानुवर्षं आपोआप रिन्यू, पैसे सरकारकडून थेट कंपनीला, एजंटला कमिशन, आणि ज्याच्या नावावर आहे त्याला पत्ता नाही.

माझा मावसभाऊ ह्यूस्टनला टॅक्सी चालवतो. कुठल्या तरी एजंटचा फोन आला, मोफत गिफ्ट कार्ड मिळेल म्हणाला, याने नाव आणि जन्मतारीख सांगितली. पुढच्या जानेवारीत घरी १०९५-ए फॉर्म आला, म्हणजे ओबामाकेअरचा विमा असल्याचा टॅक्ससाठीचा कागद. कॉलम ए मध्ये दर महिन्याचा हप्ता, कॉलम सी मध्ये तेवढीच सरकारी रक्कम, बारा महिने ओळीने. त्याने आयुष्यात ते कार्ड पाहिलेलं नाही. टॅक्स रिफंड अडकला तो वेगळाच, बायकोची नर्सिंग कोर्सची फी त्यातून भरायची होती. आणि असा तो एकटा नाही, २०२४ च्या पहिल्या आठ महिन्यांत अशा पावणेतीन लाख तक्रारी खुद्द सरकारकडे आल्या.

जीएओचा डिसेंबर २०२५ चा अहवाल बघा. त्यांनी २०२५ साठी २० बनावट माणसं तयार करून अर्ज केले. सप्टेंबरपर्यंत १८ जणांचा विमा चालू होता. ही सरकारची स्वतःची ऑडिट संस्था आहे, रिपब्लिकन पार्टीची नाही.

आणि आकडे फुगवायची सवय पहिल्यापासूनची. नोव्हेंबर २०१४ आठवतोय का? जवळपास ४ लाख दातांचे प्लॅन मेडिकलमध्ये मिसळून ७० लाखांच्या वर आकडा दाखवला होता, पकडल्यावर मान्य केलं.

हिशेबनीस

टॅक्स सीझनला लोकांचे रिटर्न भरतो म्हणून सांगतो, डॅलसकरांच्या भावासारखे फॉर्म माझ्या टेबलावर येतात. खरं आहे. पण जवळजवळ सगळे हेल्थकेअर डॉट गव्ह या केंद्र सरकारच्या साइटवरचे, टेक्सास-फ्लोरिडाकडचे. तिथे मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी विमा) वाढवलेलं नाही, त्यामुळे उत्पन्न गरिबीरेषेच्या जरा वर दाखवलं की फुकट प्लॅन आणि जरा खाली दाखवलं तर काहीच नाही. एजंटने कुठला आकडा टाकावा असं वाटतं? घोटाळ्याचं मूळ तिथे आहे, आजारी लोकांची सबसिडी काढून ते कसं मिटणार?

एडिसनचे_काका

अवांतर होईल पण लिहितो. तुम्ही सगळे खोट्या माणसांवर भांडताय, खऱ्यांचं कोण बघणार? आमच्या सासूबाईंना ग्रीन कार्डवर आणलं, वय ६८. मेडिकेअरसाठी (६५ च्या वरच्यांचा सरकारी विमा) इथे सलग पाच वर्षं राहावं लागतं. तोवर मार्केटप्लेस (ओबामाकेअरचे प्लॅन मिळतात तो बाजार) हाच आधार. त्याआधी व्हिजिटर इन्शुरन्सवर असताना छातीत दुखलं, स्टेंट टाकला, कंपनीने आजार आधीचाच (प्री-एक्झिस्टिंग) म्हणून हात वर केले. बिलाचा पहिला कागद वाचून मिसेस किचनमध्ये जमिनीवरच बसली. आता जुलै २०२५ च्या कायद्याने पाच वर्षं न झालेल्या आणि गरिबीरेषेखालच्या ग्रीन कार्डवाल्यांची सबसिडी २०२६ पासून बंद.

सॅनहोजेवाला

काका, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आई-वडिलांना स्पॉन्सर करताना आपण आय-८६४ वर सही करतो की यांचा खर्च मी उचलेन. मग दुसऱ्याच्या टॅक्समधून सबसिडी कशी काय घेतो? मी माझ्या आईसाठी पूर्ण हप्ता भरतो, एक डॉलर सरकारचा घेतलेला नाही. सहा आकडी पगार, टेस्ला दारात आणि आईचं उत्पन्न शून्य दाखवून सबसिडीचा सिल्व्हर प्लॅन, असले लोक प्रत्येक गणपती मंडळात भेटतात.

एडिसनचे_काका

राग मानू नका म्हणून काहीही बोलायचं का? मी दुकानात उभा राहून काम करतो, टेस्ला तुमच्याकडे असेल. सासूबाई माझ्या रिटर्नवर डिपेंडंट आहेत, म्हणजे सबसिडीचा हिशेब माझ्या घराच्या उत्पन्नावर झाला, शून्यावर नाही. कायद्यात जे होतं तेच घेतलं आणि टॅक्स मी पण पंचवीस वर्षं भरतोय. एकुलत्या एका मुलीने विधवा आईला साताऱ्यात एकटं ठेवायचं का, एवढं सांगा.

तेजू_शार्लट

सॅनहोजेवाले, सगळ्यांना तुमच्या कंपनीतला पगार नाही. आई इकडे आली म्हणून मी डे-केअर बंद करून पुन्हा नोकरीला लागले, तो टॅक्स कोणाच्या खात्यात गेला? "मंडळात भेटतात" म्हणून अख्ख्या समाजावर शिंतोडे उडवू नका.

सॅनहोजेवाला

काकांचा हिशेब घराच्या उत्पन्नावर झाला असेल तर त्यांना मी बोललो नाही. पण उत्पन्न लपवणारे आहेत, मी पाहिलेत, ते मागे घेणार नाही.

ओहायोची_वैदेही

काकांच्या घरापर्यंत जायची काही गरज नव्हती.

डॅलसकर, तुमच्या भावाबरोबर झालं ते भयंकर आहे, तो एजंट तुरुंगात जायला हवा, यात वाद नाही. पण २० बनावट अर्जांवरून कोट्यवधींचं प्रमाण काढता येत नाही, जीएओसुद्धा तसं म्हणत नाही. मार्केटप्लेसच्या आकड्यावर विश्वास नसेल तर तो बाजूला ठेवा. सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था दर वर्षी लोकांना विचारते, तुमच्याकडे विमा आहे का. २०१० ला ४ कोटी ८६ लाख लोक विम्याशिवाय होते, २०२३ ला अडीच कोटी. हा आकडा एजंटला फुगवता येत नाही, कारण ज्याला माहीतच नाही की आपल्या नावावर प्लॅन आहे, तो सर्व्हेत "नाही" म्हणूनच सांगणार.

डॅलसकर

सर्व्हेचा मुद्दा मान्य करावा लागेल, पण त्यात मोठा वाटा मेडिकेडचा आहे, मार्केटप्लेसचा नाही. आणि २०२६ चं काय? सबसिडी संपली तर हाहाकार होईल म्हणत होता तुम्ही लोक. नोंदणी २ कोटी ३० लाखांच्या आसपास आली. दहाएक लाखच कमी. कुठेय हाहाकार?

ओहायोची_वैदेही

ती प्लॅन निवडलेल्यांची संख्या आहे, आणि त्यात आपोआप रिन्यू झालेलेही आले. माझ्या ओळखीतलं जोडपं, दोघं साठीचे, स्वतःचा छोटा धंदा. दोघांचं मिळून ८४,६०० डॉलरच्या वर गेलं की आता सबसिडी शून्य. रिन्यू झालेत, नवा हप्ता बघून हबकलेत, किती महिने भरतील माहीत नाही. भरणारे किती उरले ते कळू द्या, मग बोलू.

डॅलसकर

म्हणजे आता तुम्हालाच पैसे भरणारे मोजायचेत! हेच आम्ही २०१४ पासून सांगतोय.

ओहायोची_वैदेही

हो, मोजा की. पण २०२५ आणि २०२६, दोन्ही वर्षं त्याच मापाने मोजा.

डॅलसकर

चालेल. "निम्मे" काढून ३५ टक्के करतो. बाकी पोस्ट आहे तशीच राहील.