मदत हवी आहे : वडील पासपोर्टचा ऑनलाइन अर्ज करू देत नाहीत

नमस्कार मंडळी. आईवडील सांगली जिल्ह्यात गावी असतात, मी पुण्यात. बहीण मस्कतला आहे, डिसेंबरात तिचं बाळंतपण. दोघांचे पहिलेच पासपोर्ट काढायचेत आणि आमचं गाडं अर्जावरच अडलंय.

अण्णांचं म्हणणं, तालुक्याच्या एजंटाकडे देऊ. तो दोघांचे ८ हजार मागतो. ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, साठीच्या पुढच्यांना नव्या अर्जावर १० टक्के सूट. बरं, एजंटही भरतो तो त्याच सरकारी साइटवर, आणि केंद्रात जायचं यांनाच! पण "कागदावर सही-शिक्का नाही, मग अर्ज पोचला कशावरून?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. अर्ज भरला की एआरएन (अर्जाचा संदर्भ क्रमांक) मिळतो म्हटलं तर म्हणाले, हा काय लॉटरीचा नंबर का?

बनावट साइटची भीती मात्र खरी आहे, परराष्ट्र मंत्रालयानंच तसं सावध केलंय. म्हणून पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' बघायला त्यांना शिकवलं. ते पटलं.

पटत नाही ते बोटांच्या ठशांचं. जन्म उसाच्या रानात गेला, रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही, गेल्या साली चार हेलपाटे झाले. पासपोर्ट केंद्रात ए काउंटरवर फोटोबरोबर ठसेही घेतात. तिथं परत पाठवलं तर अण्णा पुन्हा पाऊल टाकणार नाहीत, हे नक्की. कुणाच्या घरच्या शेतकरी माणसाचा अनुभव आहे का? नेमकं काय केलं तिथं?

दुसरं, अण्णांची जन्मतारीख. शाळेच्या दाखल्यावर १ जून (गुरुजींनी लावलेली, त्या पिढीतलं निम्मं गाव १ जूनचंच), आधारवर १ जानेवारी. एजंट म्हणतो "करू मॅनेज", आणि मला तिथंच धडकी भरते.

तिसरं, डिजिलॉकरमधून कागद जोडले तरी मूळ प्रती न्याव्यात का? मी नेणारच आहे, पण अण्णांना कुणा तिऱ्हाइताकडून ऐकायचंय.

आईची काळजी वेगळीच. पडताळणीला पोलीस दारात आले तर शेजारी काय म्हणतील!

अपॉइंटमेंट अजून घेतलेली नाही. आधी आधार दुरुस्त करून घेऊ, की दाखल्याची तारीख धरून अर्ज टाकू?