टॉर्च सुचवा : जवळचं दिसणारी, पसरट, सारख्या उजेडाची (मदत हवी आहे)

बांधावरचा
मंडळी एक टॉर्च सांगा पटकन. लांब मारणारी नको, ती आहे. दारं धरताना जवळचं दिसलं पाहिजे, पायापासून आठ-दहा फूट बास, आणि उजेड सगळीकडं सारखा पडला पाहिजे, मधी पांढराफटक डाग आणि बाजूला मिट्ट काळोख असला प्रकार नको. आत्ताची दुकानदारानं ५ किलोमीटर मारते म्हणून गळ्यात मारली, मारत असंल, मला ५ किलोमीटरवरचं काय बघायचंय? गुरुवारपासनं परत रात्रपाळी लागतीय, तवर हातात पाहिजे. ऑनलाईन बघायला गेलं तर दोनशे प्रकार आणि सगळ्यांवर लुमेन लुमेन लिहिलंय, डोकं फिरलं. लिंका नकोत, नाव सांगा.

पेठेतला
बजेट किती? चार्जिंगची हवी की सेलची? हातात धरायची की कुठे ठेवायची? आणि "दारं धरताना" म्हणजे नक्की काय, सुतारकाम करता का? माहिती अर्धवट द्यायची आणि वर पटकन सांगा म्हणायचं ही या बोर्डावरची जुनी खोड आहे.

रंधा
दारंच बसवायची असतील तर मागे मॅग्नेट असलेला सीओबी वर्क लाईट घ्या, पट्टीसारखा एकसंध उजेड पडतो, डाग नाही काही नाही. मी घरची तीन दारं त्याच्या उजेडात बसवली. फक्त चौकट ओळंब्यात आहे की नाही ते टॉर्चने बघू नका, ओळंबाच लावा. लोक नजरेच्या अंदाजाने चौकट उभी करतात आणि पावसाळ्यात दार फुगलं की सुताराच्या नावाने बोंबलतात. बिजागऱ्या पण पितळीच घ्या, आणि वरची बिजागरी...

बांधावरचा
अहो रंधा साहेब थांबा थांबा, सुतार नाही मी 😀 दारं धरणं म्हंजे उसाला पाणी पाजणं. पाटातनं पाणी सरीत सोडायचं, सरी भरत आली की तिचं तोंड मातीनं दाबायचं आणि पुढच्या सरीचं मोडायचं. असं रात्रभर. कराडकडं सगळे हेच म्हणतात, मला वाटलं सगळ्यांना माहीत असणार.

पेठेतला
नाही, सगळ्यांना माहीत नाही. बजेट?

शंकासुर
धागाकर्ते, मग हे पण सांगा: हात मोकळा असतो का? ऊस केवढा झालाय? धुकं असतं का? किती तास लागते? तुम्हाला जे उघड वाटतंय तेच इथं कुणाला माहीत नाहीये.

बांधावरचा
हात कसला मोकळा, खोरं दोन्ही हातानं मारायला लागतं, आत्ता टॉर्च काखेत दाबतो नायतर दातात धरतो. आडसाली लागण आहे, डोक्याबरोबर आलाय. पहाटे धुकं असतंय. लाईट रात्री दहाला येते आणि सकाळी जाते, पण टॉर्च सलग लागत नाही, लावायची बंद करायची, तरी पाच-सहा तास धरा. मेन बघायचं काय तर पाणी कुठवर गेलं, बांधाला कुठं फुटलंय का, आणि पायाखाली जनावर. मागच्या पाळीला पाचटात घोणस होती, खोरं टेकवलं तिथनं वीतभर. टॉर्चचा झोत पुढं सरीच्या टोकाला आणि ही बया पायाशी. कुकरची शिट्टी व्हावी तसा फुत्कार आला म्हणून कळलं.

चकमक
हे आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं, आता नीट बोलता येईल. टॉर्चवेडा माणूस आहे त्यामुळे जरा लांबेल.

तुमच्या टॉर्चमध्ये दोष नाही, ती ज्यासाठी बनवलीय तेच करतेय. लुमेन म्हणजे टॉर्चमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो. तो किती एकवटलाय ते कँडेला सांगतं. खोल, आरशासारखा गुळगुळीत रिफ्लेक्टर असला की सगळा उजेड मधे गोळा होतो, तोच तुमचा पांढरा डाग. खोक्यावर मीटर लिहिलेले असतात ते म्हणजे जिथे पाव लक्स उरतो ते अंतर, साधारण पौर्णिमेचं चांदणं, तिथे काही नीट दिसतं असं नाही. हिशोब सोपा आहे, कँडेलाचं वर्गमूळ गुणिले दोन. म्हणजे खरंच ५ किलोमीटर मारायचं तर साडेबासष्ट लाख कँडेला लागतात. दुकानदाराला नमस्कार सांगा.

आता जवळ का दिसत नाही, तर डोळा सगळ्यात उजळ ठिकाणाला जुळवून घेतो. तो डाग ओल्या पाल्यावर पडला की बाहुली बारीक होते आणि बाजूचा उजेड असूनही काळा वाटतो. त्यामुळे जास्त लुमेनची घेऊन उपयोग नाही, जवळच्या कामाला दीडशे-दोनशे पसरट लुमेन भरपूर झाले.

घेताना रिफ्लेक्टरऐवजी भिंग असलेली बघा, त्याला टीआयआर म्हणतात, पण ते भिंग दाणेदार किंवा दुधी हवं. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत रिफ्लेक्टर पण चालेल, पण तो फक्त डागाच्या कडा मऊ करतो, डाग राहतोच. एल आकाराची म्हणजे काटकोनी घ्या, डोक्याला पण लागते आणि पट्ट्याला पण. सोफर्नची एसपी ४० किंवा आर्मीटेकची विझार्ड. दोन्हीत १८६५० सेल, १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. तीन हजार एमएएचचा सेल दीडशे लुमेनवर सहा-सात तास जायला हरकत नाही. पण सेलवर ९९०० एमएएच लिहिलं असेल तर तो हातात पण घेऊ नका, या मापात साडेतीन-चार हजाराच्या पुढे कुणी पोचलेलं नाही. आणि रंग पिवळसर, सीआरआय (वस्तूचे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर. निळ्या-पांढऱ्या उजेडात तपकिरी पाचट आणि तपकिरी घोणस एकच दिसतात.

मेकॅनिक_मन्या
एवढं शास्त्र कशाला राव. झूमवाली टॉर्च घ्या, तोंड आत दाबलं की गोल सपाट चकती पडते, एकदम सारखी, डाग औषधाला नाही. बाहेर ओढलं की लांब मारते. एकात दोन कामं. गॅरेजमधी गाडीखाली मी हीच वापरतो सहा वर्षं झाली.

चकमक
चकती सारखी असते हे बरोबर, पण कड चाकूने कापल्यासारखी. चकतीच्या बाहेर शून्य. गाडीखाली ठीक आहे, तिथे बाहेरून काही येत नाही. वर ते सरकणारं तोंड, पाण्यात पडली की तिथूनच पाणी आत.

मेकॅनिक_मन्या
सहा वर्षं.

चकमक
गॅरेजमध्ये पाट वाहतो का?

देवगडचो
हेडटॉर्च. विषय संपलो. आमच्याकडे फुरसी किती असतात ते वेगळं सांगायला नको, कातळावर दगडाखाली हात घालायची सोय नाही. डोक्याला टॉर्च लावली की दोन्ही हात सुटे, जिथे बघाल तिथे उजेड. काखेत आणि दातात धरताय म्हणजे कमाल आहे.

निशाचर
देवगडकर, हात सुटे होतात हे मान्य. पण रात्री साप बघायला पंधरा वर्षं फिरतोय, खाली बघायला डोक्यावरची टॉर्च एकटी मी वापरत नाही. उजेड डोळ्याच्याच रेषेतून गेला की वस्तूची सावली वस्तूच्याच मागे लपते आणि जमीन रांगोळीसारखी सपाट दिसते. काटकी, साप, दोरी, सगळं एकच. तोच उजेड कंबरेतून किंवा गुडघ्याजवळून आडवा टाका, एकेका ढेकळाला सावली येते आणि वेटोळं घातलेला साप लगेच उठून दिसतो. धुक्यात तर डोक्यावरची लावलीत की डोळ्यासमोर पांढरी भिंत. आणि किडे सगळे तोंडावर.

कोळी बघायचे असतील तर मात्र डोक्यावरचीच लावा, त्यांचे डोळे दवासारखे लुकलुकतात. सापाचे तसे चमकत नाहीत, त्यामुळे "डोळे चमकले की कळेल" यावर राहू नका.

आणि मण्यार. ती रात्रीचीच, तिचा चावा कित्येकदा दुखत पण नाही, माणूस काटा टोचला म्हणून झोपून जातो. शंका आली तरी सरळ सरकारी दवाखाना, तिथे लस असते. गमबूट घालता का?

बांधावरचा
गमबूट चिखलात रुततो ओ, पाय निघतो बूट राहतो.

निशाचर
मग एक माप लहान घ्या, पोटरीला घट्ट बसणारा. पण घाला.

विंचूकाटा
जांभळी टॉर्च घ्या, अल्ट्राव्हायोलेट. विंचवावर पडली की तो हिरवानिळा झगझगीत दिसतो, बांधाच्या दगडात किती असतात ते बघून झोप उडेल. लाल विंचू साधा समजू नका. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, २०२२ साली पद्मश्री मिळाली त्यांना, त्या उपचाराआधी कोकणात विंचवाने माणसं जायची.

शंकासुर
माहिती छान आहे, पण धागाकर्त्याने विंचू विचारलेला नाही. जांभळ्या उजेडात पाणी दिसणार का, घोणस दिसणार का?

विंचूकाटा
नाही. पण विंचू दिसेल.

तिसरा_फेज
मुळात माणसाने रात्री उसात जावंच का हा प्रश्न आहे. दिवसा लाईट द्या म्हणून किती वर्षं ओरडतोय शेतकरी. २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आहे, दिवसा पाणी पाजता यावं म्हणूनच आणली, आमच्या फीडरवर अजून...

पेठेतला
कृपया राजकारण नको. धागा टॉर्चचा आहे. आणि बजेट अजून कळलेलं नाही.

तिसरा_फेज
हे राजकारण नाही, टॉर्चचं कारण आहे.

माळावरची
मी स्वतः दारं धरते, माळशिरस भागात, म्हणून लिहितेय. सारखा उजेड सारखा उजेड म्हणताय तो कंदिलाचा. माझे सासरे कंदीलच न्यायचे आणि कायम गुडघ्याच्या खाली धरायचे, वर धरला की स्वतःच्याच डोळ्यावर येतो. मोठ्या उसात तर डोक्यावरचा उजेड वरच्या पाल्यावरच अडतो, समोर नुसता हिरवा पडदा, खाली सरीत अंधार. पाल्याच्या खालून उजेड गेला पाहिजे. मी साधी टॉर्च कंबरेच्या ओढणीत खोचते, तोंड खाली तिरकं.

आणि दादा, नवीन येईस्तोवर एक करा. श्रीखंडाच्या डब्याचं पांढरं झाकण असतं ना, ते टॉर्चच्या तोंडावर रबरानं बांधा. डाग जातो. पाव उजेड कमी होतो म्हणा, पण तुमची ५ किलोमीटरवाली आहे, जाऊ दे की.

चकमक
+१, हे डिफ्यूजरच झालं. फक्त फुल पॉवरवर ठेवू नका, काच तापते, झाकण वितळेल. मधल्या मोडवर चालेल. घरात मॅट सेलोटेप असेल तर काचेवर दोन थर, ते पण बरं काम करतं.

रंधा
ट्रेसिंग पेपर पण चालतो, पण दवात भिजेल. दारं धरणं मला खरंच माहीत नव्हतं हो, बायको बारामतीची, ती अजून हसतेय.

बांधावरचा
शुक्रवारी सकाळी लिहितोय, झोपलेलो नाही. श्रीखंडाचा डबा घरात नव्हता, पोरानं बासुंदीच्या डब्याचं झाकण दिलं. सायकलच्या ट्यूबचं रबर कापून बांधलं आणि टॉर्च सुतळीनं पट्ट्याला, तोंड खाली. पहिली दहा मिनिटं वाटलं काय दिसंना, नुसतं दुधासारखं. मग डोळे बसले. मग दोन्ही बाजूच्या सऱ्या, पाय, खोऱ्याचं पातं, ढेकूळ न ढेकूळ दिसायला लागलं.

साधारण दोनला पाटाच्या कडंला बोटभर भोक दिसलं, खेकड्याचं बीळ, पाणी गुळगुळ करत गिरकी घेऊन आत चाललेलं. तीन पाळ्या झाल्या पाणी शेवटच्या चार सऱ्यांना पोचत नाही म्हणून मी मोटारीला शिव्या देतोय, फुटव्हॉल्व पण बदलला. पाणी शेजारच्या अण्णांच्या शाळूत चाललंय. तिथनं मी रोज रात्री चार वेळा जातो, झोत पुढं असायचा. दगड आणि चिखल कोंबून बंद केलं, साडेचारला शेवटची सरी भरली.

जनावर दिसलं नाही. बेडूक लई दिसले.

एक अडचण, खोरं मारायला वाकलं की टॉर्च लोंबकळते आणि उजेड मागं जातो. त्याला काटकोनीच पाहिजे का? बजेट सांगायचं राहिलंच, हजाराच्या आत.

पेठेतला
चौथ्यांदा विचारायच्या बेतात होतो.

चकमक
हजाराच्या आत मी सांगितलेल्यांतलं काही बसणार नाही. तेवढ्यात जे मिळतं त्यापेक्षा तुमची टॉर्च अधिक बासुंदीचं झाकण बरं. त्यात एक चांगला सेल टाका. लोंबकळण्याचं म्हणाल तर सुतळी वर एकच बांधली असणार, खाली मांडीला दुसरा पट्टा बांधा.

माळावरची
मांडीला नको हो, चालताना उजेड नाचतो. पोटावर आडवं फडकं गुंडाळा आणि त्यात खोचा. अण्णांना सांगितलं का बिळाचं?

बांधावरचा
सांगितलं. म्हणले यंदा शाळू झकास आलाय.