डंकर्क सगळ्यांना माहीत आहे, बाकीच्या बोटींचं काय? (अनुभव धागा)

क्लाईडकाठी
काल १७ जून, १९४० साली लँकास्ट्रिया बोट बुडाली तो दिवस. आमच्या स्कॉटलंडमधल्या क्लाईडबँकला हॉस्पिटलच्या आवारात लँकास्ट्रियाचं स्मारक आहे, कारण ती बोट तिथल्याच बियर्डमोरच्या गोदीत बांधलेली. ड्युटी संपवून निघाले तर कुणीतरी ताजी फुलं ठेवली होती, आणि त्या बोटीवरून वाचलेले आमचे जुने शेजारी आजोबा आठवले. आता ते नाहीत.

१९४० साली एकोणीस वर्षांचे होते. फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश सैन्याला बोटींनी काढणं ४ जूनला आटोपलं, तरी पश्चिम फ्रान्समध्ये लाखावर ब्रिटिश सैनिक होतेच. शेरबुर्ग, ब्रेस्ट, सँ-नाझेर अशा बंदरांतून त्यांना काढलं, ते 'ऑपरेशन एरियल'. पोलिश, झेक, फ्रेंच धरून १ लाख ९० हजारांच्या वर माणसं सुटली. लँकास्ट्रियावर सँ-नाझेरसमोर बॉम्ब पडले, वीसेक मिनिटांत बुडाली. किती गेले कुणालाच नक्की माहीत नाही, चढणाऱ्यांची धड मोजदादच नव्हती. निदान तीन हजार तरी. चर्चिलनी बातमी दाबली. जुलैअखेर न्यूयॉर्कच्या पेपरात आली तेव्हा कुठे इकडे छापली.

आजोबा यावर माझ्याशी एकदाच बोलले, तेही प्लंबरची वाट बघत त्यांच्या किचनमध्ये बसलो होतो तेव्हा. बोटीचं तेल पाण्यावर पसरलेलं, ते तोंडात गेलं. साठ वर्षांनीही बसस्टॉपवर डिझेलचा भपका आला की दोन पावलं मागे सरकायचे.

तुमच्या घरात, ओळखीत असं काही असेल तर लिहा. डंकर्क नको, त्यावर सिनेमे झालेत.

खारीबिस्कीट
बाप रे. वाचतेय. कुकर लावलाय, नंतर येते.

सारंगाचा_पणतू
सोमालीलँडचं बर्बेरा बंदर! पणजोबा बीआयच्या (ब्रिटिश इंडिया या जहाज कंपनीच्या) बोटीवर होते, आम्ही रत्नागिरीकडचे. ऑगस्ट १९४०, इटालियन ब्रिटिश सोमालीलँडमध्ये घुसले, टग अर्गनच्या खिंडीत काही दिवस अडवलं आणि मग सगळं सैन्य बोटींनी एडनला. पंजाब रेजिमेंटच्या आपल्या दोन पलटणीही होत्या त्यात. मोठ्या बोटी धक्क्याला लागत नव्हत्या, पडावांतून माणसं आणून चढवायची, आणि उन्हाचं तर विचारूच नका. पणजोबांनी घरी येऊन सांगितलं काय, तर बोटीवर चहा पुरला नाही. पणजी शेवटपर्यंत म्हणायची, "लढाई बघून आले नि रड कसली, तर चहाची!"

अजून एक. तिथे उंटदळाचे कॅप्टन एरिक विल्सन यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला, आणि नंतर कळलं की गडी इटालियनांच्या कैदेत जिवंत आहे.

उनाड_पाऊस
मेल्यावर मिळालेलं जिवंतपणी घेतलं म्हणायचं 😄 आमच्याकडे जिवंतपणी प्रमोशन मिळेना.

मेलबर्नची_मावशी
माझ्या कामावरच्या बाईचे आजोबा, ऑस्ट्रेलियाची २/७ बटालियन. ग्रीसचं क्रीट बेट, मे १९४१. व्हाइट माउंटन्स ओलांडून किनाऱ्यावरच्या स्फाकियाला पायी, बुटांचे तळवे सुटलेले. चार रात्री बोटी आल्या. रात्रीच, कारण दिवसा जर्मन विमानं. २९ मेला हेराक्लियनहून निघालेल्या ओरायन क्रूझरवर बॉम्ब पडून शेकडो गेले होते. ह्यांची बटालियन पिछाडी सांभाळत होती. बाकीचे चढले आणि हे किनाऱ्यावर पोचेपर्यंत बोटी निघून गेल्या. मग कैद, थेट युद्ध संपेपर्यंत.

बाई सांगते, कुठेही जायचं असलं की आजोबा तासभर आधी कोट घालून गाडीत जाऊन बसायचे. घरात सगळे चिडायचे. कारण तिला ते वारल्यावर कळलं.

उनाड_पाऊस
मावशी, आमचे बाबा तीन तास आधी स्टेशनवर जातात, आणि ते कुठल्याच लढाईत नव्हते.

तांबडापांढरा
आमची आजी वळिवड्याची. १९४३ ते ४८ तिथे पोलिश निर्वासितांची छावणी होती हे कोल्हापूरकरांना ठाऊक आहेच. पाचेक हजार, बहुतेक बायका-पोरं. ती आली कशी हे कुणी विचारत नाही. स्टालिनने सैबेरियात, कझाकस्तानात धाडलेली ही माणसं, १९४२ मध्ये दोन खेपांत क्रास्नोव्होद्स्कहून कॅस्पियन ओलांडून इराणच्या पहलवीला. तेलवाहू, मालवाहू बोटी, डेकवर पाय ठेवायला जागा नाही. लाखाच्या वर माणसं, त्यात सत्तर हजारांहून जास्त पोलिश जनरल अँडर्सचे सैनिक. उतरल्यावर वाळूतच कपडे जाळले, डोकी भादरली, टायफसच्या उवा म्हणून.

आजीच्या वयाची एक पोरगी त्यांच्या दारात यायची. दिलेलं अर्धं खायची, अर्धं फ्रॉकच्या खिशात. पणजीने भाकरी दिली तर तीपण खिशात. पणजीला वाटलं आवडली नाही. मग पिठलं दिलं, ते खिशात जाईना, तेव्हा बसून खाल्लं.

खारीबिस्कीट
आले. पिठल्यापाशी डोळे भरले आणि हसूही आलं.

तिरपी_टोपी
तांबडापांढरा, हेच अँडर्सचे सैनिक मे १९४४ ला इटलीत मोंते कॅसिनोच्या लढाईत वर डोंगरावर, आणि ब्रिटिशांच्या त्याच आठव्या आर्मीत आपली १/५ मराठा पलटण खाली नदीपाशी. सासरे मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, बेळगावच्या जुन्या सुभेदारांकडून त्यांनी हे ऐकलेलं. वळिवड्यातल्या एखाद्या पोरीचा बाप आणि आपला एखादा साताऱ्याचा जवान एकाच मोर्चावर.

डंकर्क नको म्हटलंय तरी एक घुसवतो. आपल्या खेचरांच्या चार कंपन्या डिसेंबर १९३९ ला मुंबईहून फ्रान्समधल्या मार्सेला गेल्या. एक कंपनी जर्मनांच्या हाती लागली, बाकीची माणसं बोटींनी सुटली. खेचरं तिथेच.

क्लाईडकाठी
घुसवा काका, चालतंय. खेचरांचं मला माहीत नव्हतं.

नंदूची_आई
वळिवडे म्हणजे आताचं गांधीनगरच ना? घाऊक कपड्यांचं?

तांबडापांढरा
तेच की ताई. पोलिश गेल्यावर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले, त्यांनी बाजार उभा केला. पोलिश लोकांचं स्मारक मात्र शहरात, महावीर गार्डनला.

नंदूची_आई
आमच्या नंदूच्या लग्नाचा सगळा बस्ता तिथूनच! स्मारक बघायचं राहिलं. सोमवारी बाजार बंद असतो का हो? नणंदेकडे पुढच्या महिन्यात आहे कार्य.

तांबडापांढरा
भावाला विचारून सांगतो. यायच्या आधी फोन करा, नऊवारी कुठे चांगली मिळते ते दाखवतो.

उनाड_पाऊस
धागा गेला साड्यांत 😂