मदत हवी आहे: भुईमुगाला शेंगा भरपूर, पण आत दाणाच नाही

कुडाळजवळ भात काढल्यावर त्याच जमिनीत 'कोकण टपोरा' जातीचा भुईमूग पेरलाय. माती जांभी, आम्ल. फुलं चिकार आली, आऱ्याही (फुलानंतर खाली उतरून जमिनीत शिरणारे देठ) नीट जमिनीत गेल्या. आता झाडं उपटून बघतोय तर टरफल चांगलं मोठं, पण फोडलं की कुठे सुरकुतलेला दाणा, कुठे नुसतीच पोकळी. पाणी वेळेवर होतं, शेंगेला कीड नाही.

गावात म्हणतात, फलनच झालं नसणार. मला पटत नाही. परागनलिकेतून दोन पुंयुग्मक, म्हणजे नर पेशी, येतात. एक अंडपेशीशी जुळून युग्मनज, दुसरा ध्रुवीय केंद्रकांशी जुळून भ्रूणपोष (वाढत्या भ्रूणाचं अन्न), एवढं शाळेतलं आठवतंय. पण भुईमुगात फलनाशिवाय आरी सुटतच नाही ना? मग बी मध्येच कुठे अडलं? आणि दाण्याविना टरफल एवढं वाढलं कसं?

प्रतिसाद
भाऊ, फलन झालंय, तुमचं बरोबर आहे. आरीच्या टोकाशी बीजांडं असतात. फलनानंतर भ्रूण थोड्याच पेशींचा होऊन थांबतो, आरी मात्र लांबत राहते. मातीत, अंधारात गेल्यावर भ्रूण पुन्हा वाढायला लागतो. त्यातही आधी अंडाशयाचं टरफल फुगतं, दाणा मागाहून भरतो. भ्रूणपोष वापरून संपतो आणि साठा दाण्याच्या दोन डाळिंब्यांत जातो. तुमचं अडलंय ते या भरण्याच्या टप्प्यावर.

माझा संशय कॅल्शियमच्या कमतरतेवर. मुळांनी घेतलेलं कॅल्शियम पाण्याबरोबर पानांकडे जातं, तिथून खाली परतत नाही. जमिनीतल्या शेंगेला ते भोवतालच्या मातीतूनच थेट शोषावं लागतं. कोकणातल्या पावसात ते धुऊन जातं, आणि टपोऱ्या दाण्याला लागतं जास्त. पोटॅश भरपूर टाकलं असेल तर कॅल्शियम शोषताना आणखी ओढाताण. भरलेले चार दाणे उभे फोडून आतला कोंब बघा. काळा असेल तर कॅल्शियमच. डाळिंबीला आतून खळगा असेल तर मात्र बोरॉन.

धागाकर्ता
फोडले. बऱ्याच दाण्यांत कोंब काळपट आहे, खळगा नाही. पोटॅश दिलं होतं. जिप्सम (कॅल्शियमचं खत) आमच्याकडे कोणी टाकतच नाही. उशिरा आलेल्या आऱ्या अजून कोवळ्या आहेत, आता टाकून उपयोग होईल?

प्रतिसाद
त्यांना होईल. झाडाच्या बुंध्याशी, आऱ्या उतरतात तिथेच पसरा आणि हलकं पाणी द्या. खोल गाडू नका. पूर्ण वाढलेल्या पोचट शेंगा आता भरणार नाहीत, त्यांचा नाद सोडा. पुढच्या वेळी आऱ्या सुटायच्या सुमारास जिप्सम द्या, त्याआधी माती तपासून घ्या.