‘निष्क्रिय सुरक्षा’ला बरा शब्द सुचवा

खाडीकाठ, रत्नागिरी :
एका मोटार ट्रेनिंग स्कूलच्या उजळणी वर्गाची पुस्तिका मराठीत करतोय. गाड्यांचे नियम ठरतात कुठे, यावर एक पान आहे. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांचा ‘डब्ल्यूपी-२९’ हा मंच, त्याच्या हाताखाली सहा गट : दिवे, प्रदूषण, आवाज-टायर, स्वयंचलित गाड्या वगैरे. त्यात एक ‘वर्किंग पार्टी ऑन पॅसिव्ह सेफ्टी’, म्हणजे जीआरएसपी. मी लिहिलं ‘निष्क्रिय सुरक्षा कार्यगट’. स्कूलच्या काकांनी चष्मा कपाळावर सारला. म्हणाले, “निष्क्रिय कार्यगट? आमच्या वाडीची पाणी समिती, तसा?”

शुद्धमती :
काकांना हसू द्या. सावरकरांनी रत्नागिरीत बसून भाषाशुद्धी मांडली तेव्हा ‘महापौर’लाही लोक हसलेच असतील. आज कोण हसतं? शब्द वापरला की रुळतो.

पान्हा-पक्कड, चिपळूण :
ताई, रुळतो हो, पण अर्थ उलटा रुळला तर? ब्रेक, एबीएस हे धडक होऊ नये म्हणून. पट्टा, एअरबॅग, आत दबणारा स्टिअरिंगचा दांडा हे धडक झाल्यावर. पापणी लवायच्या आत फुगते ती एअरबॅग निष्क्रिय? गिऱ्हाईक सरळ विचारतं, “ठोकली तर वाचवणारं काय काय आहे हिच्यात?” ‘ठोकल्यावरची सुरक्षा’ लिहा.

शुद्धमती :
‘ठोकल्यावरची’ छापणार? पोरांच्या हातात जाणार आहे ती पुस्तिका.

मास्तर (निवृत्त) :
व्याकरणात पॅसिव्ह म्हणजे कर्मणी. चालक ब्रेक दाबतो, हा कर्तरी. चालक वाचवला जातो, हा कर्मणी. सबब ‘कर्मणी सुरक्षा’.

पान्हा-पक्कड, चिपळूण :
मास्तर, परशुराम घाटात कुणाला हे सांगून बघा.

घाटमाथा :
मुळात त्या ‘जीआर’चं काय करणार? महाराष्ट्रात जीआर म्हटलं की माणूस तारीख विचारतो. हा फ्रेंच ‘ग्रूप द रापोर्तर’मधला जीआर आहे. हेही लिहा, की हा मंच गाड्यांच्या नियमांचे जे आंतरराष्ट्रीय करार सांभाळतो, त्यांतल्या १९५८ च्या करारात भारत नाही, १९९८ च्या करारात आहे, २००६ पासून. तिथे ठरलेलं इथे आपोआप लागू होत नाही, दिल्लीची अधिसूचना निघावी लागते. नाहीतर आरटीओत कुणी जिनिव्हाचा जीआर दाखवत बसेल.

खाडीकाठ, रत्नागिरी :
‘वर्किंग पार्टी’चंही तेच झालं. ‘पार्टी’ ठेवलं होतं, तर काका म्हणाले, “कुठली पार्टी? जमीन बघायला आलेली?” म्हणून कार्यगट केलं. पण माझा प्रश्न निष्क्रियचा आहे हो.

सड्यावरून :
निष्क्रियात वाईट काय? बागेभोवतीचा दगडी गडगा काय करतो? नुसता उभा असतो. तरी गुरं कलमांत शिरत नाहीत.

पान्हा-पक्कड, चिपळूण :
गुरं शिरूच देत नाही म्हणजे गडगा ब्रेकच्या बाजूचा. सक्रिय झाला तो!

सड्यावरून :
मग पातेरा घ्या. आठवीत असताना रायवळ आंब्यावरून पडलो. खाली भाजावळीसाठी पातेरा ढीग करून ठेवलेला, कमरेएवढा. त्यात रुतलो. नाकातोंडात धूळ, कोपर खरचटलं, बस्स. वर माझी फांदी मोडली ती मोडलीच, पण मी वाचलो. आजी म्हणाली, “पातेऱ्यान झेललान.” झेलणारी सुरक्षा! ‘झेल-सुरक्षा’.

घाटमाथा :
पातेरा म्हणजे पाचोळाच ना?

सड्यावरून :
नव्हे. वाऱ्यावर उडतो तो पाचोळा. झाडून, गोळा करून ठेवला की पातेरा. पत्र अधिक केर, असं माझं मत.

मास्तर (निवृत्त) :
केर कुठून आणलात मध्येच? पुरावा?

कुडाळकरीण :
आमच्याकडे पातेरो. आणि गोळा नाय केलो तरी पातेरोच.

शुद्धमती :
‘झेल-सुरक्षा’ वाईट नाही. क्रिकेटमध्ये जातं, एवढंच.

खाडीकाठ, रत्नागिरी :
उद्या सकाळी छापायला द्यायचंय. आता ‘अपघातसमयीची सुरक्षा’ टाकतो. काकांना तीन वेळा म्हणायला लावलं, दुसऱ्यांदा अडखळले.

कुडाळकरीण :
सड्यावरून, तुमच्याकडे काजीच्या पानांकय पातेरोच म्हणतत की फक्त आंब्याच्या?